फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

काळाचौकीच्या त्या चाळीत भित्र्या माणसांना तोटा नव्हता, पण सुभद्रा घाडीची भीती सगळ्यांत कष्टाळू होती. इतरांची भीती दिवस मावळला की पाय पसरून झोपायची. सुभद्राची भीती पहाटे भोंग्याबरोबर उठायची, तिच्याबरोबर परळच्या गिरणीत जायची, सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात पाळीभर तिच्या शेजारी उभी राहायची आणि साडेतीनला तिच्याबरोबरच चाळीचा जिना चढायची. बायका हसायच्या. म्हणायच्या, सुभद्राबायच्या दोरीचा साप व्हायला अंधारही लागत नाही. हसणाऱ्यांचं काय जातं? त्यांना काही एकुलता एक मुलगा नव्हता.

मुलाचं नाव दौलत. बाप बुधाजी गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होता; तो खोकून खोकून गेला तेव्हा दौलत आठ वर्षांचा होता. देवगडाकडच्या गावी घर होतं, पण त्याला कुलूप होतं. दीर नाही, भाऊ नाही. सुभद्राने पोराला मॅट्रिकपर्यंत शिकवलं आणि मॅट्रिक झालेला तो त्या मजल्यावरचा पहिला मुलगा ठरला. याचा तिला अभिमान होता आणि अर्थात भीतीही होती. दृष्ट लागायची.

छप्पन्न सालच्या जानेवारीत लालबागेत गोळीबार झाला. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही म्हणताच गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं, आणि रस्त्यावर उतरलेल्यांत अठरा वर्षांचा दौलतही होता. सुभद्रा त्याला शोधत चाळीच्या दारापर्यंत आली आणि तिला तो दिसला, कोपऱ्यावरच्या भिंतीला पाठ लावून, सदऱ्याचे दोन्ही खिसे दगडांनी लोंबलेले. तेवढ्यात भिंतीचा पोपडा उडाला. त्याच्या डोक्याच्या हातभर वर. तिने त्याला मानगूट धरून ओढत आणलं, आणि खिशातले दगड एकेक करून मोरीत टाकले. पुढे कित्येक महिने ती त्या भिंतीकडे न बघता गिरणीत जायची. गोळीने पडलेला खड्डा मात्र तिला पाठीमागूनही दिसायचा.

त्या वर्षीच विमानदलाच्या भरतीची जाहिरात आली, आणि सुभद्रा स्वतः पोराला घेऊन भरतीच्या कचेरीत गेली. शेजारचा गुणाजी यावर फार चिडला. गुणाजी साच्यावर काम करणारा विणकर. इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेला, संयुक्त महाराष्ट्र समितीचा खंदा माणूस. सकाळी गॅलरीत उभं राहून पेपर मोठ्याने वाचायचा आणि मजल्यावरच्या सगळ्यांची पत्रं वाचायचा-लिहायचा, सुभद्राचीही.

"वैनी, ज्या सरकारान आमच्यार गोळ्यो घातल्यान, तेच्याच चाकरीक झिलाक धाडतंस?" तो म्हणाला.

"भावोजी, बंदुकीच्या तोंडार मी तेका ठेवचंय नाय," सुभद्रा म्हणाली. "तो बंदुकीच्या पाठी उभो रवांदे. थंय गोळी लागणा नाय."

हिशोब बिनचूक होता. निदान तिला तरी तसा वाटला. दौलत बंगलोरला शिकायला गेला, वायरलेसचं काम शिकला आणि मग वर उत्तरेला कुठेतरी नेमला गेला. कुठे ते सांगायची बंदी. महिन्यातून दोनदा कार्ड यायचं. टपालवाला शामराव जिन्यावरूनच आरोळी ठोकायचा, "सुभद्राबाय, पोरगा खुशाल आहे हो!" शामराव सगळी कार्डं वाचायचा. कार्ड उघडंच असतं, त्याला काय चोरी म्हणायची? उलट त्या आरोळीपुरती सुभद्राची भीती खाली बसायची.

अठ्ठावन्न सालच्या गणपतीत दौलत रजेवर आला. खांदे भरलेले, मिशी आलेली, बोलण्यात मधूनच हिंदी. संध्याकाळी गॅलरीत सगळा मजला त्याच्याभोवती जमला, आणि सुभद्रा आत चुलीपाशी भाकऱ्या थापत कान बाहेर देऊन बसली.

"आमचं विमान म्हणजे काय, म्हातारी म्हैस," दौलत सांगत होता. "पिठाची पोती भरायची, रॉकेलचे डबे भरायचे आणि वर डोंगरातल्या आपल्या चौक्यांवर नेऊन टाकायचे. चौकी आपली, पलीकडचा डोंगर त्यांचा. आता वरून काय सरहद्दीची रेघ दिसते? सगळा बरफच बरफ. तर त्या दिवशी मी वायरलेस कानाला लावून बसलोय, डावीकडे सहज बघतो तर बाजूला जेट. त्यांचं. एक नाय, दोन!"

त्याने उजव्या हाताची म्हैस केली आणि डाव्या हाताचं जेट, आणि जेट म्हशीला इतकं खेटवलं की मंडळींनी मान मागे घेतली.

"एवढ्या जवळ?" गुणाजीने विचारलं.

"काका, आतल्या माणसाच्या डोळ्यांवरचा चष्मा दिसला. आमच्याएवढं हळू त्याला उडता येत नाय ना, म्हणून तो पुढे जायचा, वळून परत यायचा. परत आला की आणखी जवळ. त्यानं पंख हलवले, हातानं खूण केली. म्हणजे माझ्या मागून ये, आमच्याकडे उतर. मी पण त्याला हात केला!"

मंडळी खो खो हसली.

"मग?"

"मग काय? साहेब बोलला, धरून बसा, आणि घातलं विमान ढगात. ढगात शिरलं की जेटवाला काय करणार? त्याला पण दिसत नाय, आम्हाला पण दिसत नाय. अर्ध्या तासानं खाली आलो, चहा प्यायलो."

सगळे वाहवा म्हणाले. आत तव्यावरची भाकरी काळी झाली. सुभद्रा पिठाच्या हातांनीच दारात आली.

"झिला, तुमच्या विमानाक बंदूक खय आसता? फुडे काय पाठी?"

"बंदूक नाय गो आये. मालाचा विमान ता. बंदूक कित्याक?"

सुभद्राने दाराची चौकट धरली. पोराला ती बंदुकीच्या मागे उभं करायला निघाली होती, आणि उभं केलं होतं ते दोन बंदुकांच्या मध्ये, तेही आभाळात, जिथे मानगूट धरून ओढून आणायला तिचा हात पोचणार नव्हता.

"आणि ढगात डोंगर आसलो तर?" तिने विचारलं.

मंडळी पुन्हा हसली. दौलतही हसला, पण जरा उशिराने. ते फक्त सुभद्राने पाहिलं.

तो परत गेला, आणि तिची भीती आता चोवीस तासांच्या कामाला लागली. मुंबईवरून एखादं विमान घरघरत गेलं की ती हातातलं काम टाकून वर बघायची, आणि ते एकटंच आहे ना, बाजूला दुसरं नाही ना, याची खात्री केल्याशिवाय मान खाली घालायची नाही. खात्यातल्या बायकांनी तिचं नाव 'विमानबाय' ठेवलं. ठेवू देत.

एकोणसाठ सालचा पाडवा नऊ एप्रिलला झाला. शनिवारी सकाळी गुणाजीने गॅलरीत पेपर उघडला आणि वाचलं, की आपलं एक विमान पलीकडच्या हद्दीत त्यांच्या जेटनी पाडलं. आतले दोघे छत्रीने उतरले आणि जिवंत धरले गेले. सुभद्रा बादली घेऊन नळावर निघाली होती. बादली तिथेच राहिली.

"वैनी, ता येगळा विमान," गुणाजी घाईने म्हणाला. "लय उंच उडणारा. आपल्या दौलतचा नाय ता."

"नावां लिवली हत?"

"नावां नाय. पण दोघेव जिवंत आसत."

"मगे नावां कित्याक लिवक नाय?" सुभद्रा म्हणाली. गुणाजीने पेपर घडी करून काखेत मारला.

सोमवारी ती गिरणीतून आली तेव्हा जिन्यात टपालवाला भेटला. शामराव पाडव्याला गावी गेला होता, हा बदली माणूस. त्याने दार क्रमांक विचारला, हातात कार्ड ठेवलं आणि मुकाट्याने पुढे गेला. आरोळी नाही. सुभद्राने कार्डाकडे पाहिलं. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण काही गोष्टी वाचायला अक्षर लागत नाही. कार्डाचा वरचा कोपरा फाडलेला होता.

कोपरा फाडलेलं कार्ड कशाचं असतं ते आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कोणी गेलं की कळवणारा मजकूर लिहितो आणि कोपरा फाडतो, म्हणजे हातात घेणाऱ्याने वाचण्याआधीच मन घट्ट करावं. तसलं कार्ड उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेर उभ्याने वाचायचं, फाडून टाकायचं, अंगावर पाणी घ्यायचं आणि मग रडायला बसायचं. बुधाजी गेला तेव्हा गावाकडच्या भाऊबंदांना गुणाजीने अशीच सात कार्डं लिहिली होती, आणि त्यांचे कोपरे सुभद्राच्या समोर फाडले होते.

ती जिन्यात किती वेळ उभी होती कोण जाणे. मग वर आली. गॅलरी रिकामी होती. गुणाजीचं दार पाच पावलांवर होतं. कडी वाजवायची आणि कार्ड पुढे करायचं, एवढंच काम. पण वाचलं की ते खरं झालं असतं. वाचलं नव्हतं तोवर पोरगा जिवंत होता, निदान काळाचौकीत तरी. तिच्या दारावर बाहेरून पाडव्याचं आंब्याच्या पानांचं तोरण होतं. तिने चवड्यांवर उभं राहून कार्ड त्या तोरणाच्या मागे खोचलं. उंबऱ्याच्या आत नाही, आणि टाकूनही दिलं नाही. मग त्याच्याखालून मान वाकवून घरात गेली आणि अंगावर पाणी घेतलं नाही.

दिवेलागणीला पेच पडला. सुतकात देवाजवळ दिवा लावायचा नसतो. लावला तर पाप. पण न लावणं म्हणजे पोरगा गेला हे आपल्या तोंडाने कबूल करणं. हातात काडेपेटी घेऊन ती देवासमोर बसून राहिली. शेवटी काडी ओढली. म्हणाली, पाप लागलं तर मला लागू दे, दिवा त्याचा आहे.

पाच दिवस ती अशी राहिली. जेवायला बसायची आणि घास तोंडात घोळवत राहायची. खात्यात तिच्या यंत्रावर सूत तुटत होतं आणि तिला कळत नव्हतं. हजार वेळा बांधलेली गाठ तिला बांधता येईना. खात्याचा जाबर, म्हणजे मुकादम, ओरडला तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा दुसरीकडे निघून गेला. घरी येताना कोपऱ्यावरची ती भिंत लागायची, आणि आता ती तिच्याकडे टक लावून बघायची. इथेच राहिला असता तर? हातभर वर गेली होती गोळी. दुसरीही वरूनच गेली असती कदाचित. मीच धाडलं, मीच हाताला धरून नेलं, असं ती पुटपुटायची आणि मग कोणी ऐकलं का म्हणून मागे बघायची. गुणाजीने दोनदा विचारलं, "वैनी, दौलतचा कार्ड इला नाय मां?" दोन्ही वेळा ती नाही म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती गुणाजीशी खोटं बोलली. वर तोरणाची पानं वाळून कुरकुरायला लागली होती.

रामनवमी शुक्रवारी झाली. शनिवारी दुपारी शेजारच्या राधाबाईला झाडलोटीची हुक्की आली. राधाबाई म्हणजे गॅलरीभर केरसुणी घेऊन फिरणारी बाई; स्वतःचं दार झाडून झालं की तिला दुसऱ्याचं दार टोचायचं. पाडव्याची वाळकी तोरणं काढता काढता तिने सुभद्राचंही ओढलं, आणि कार्ड तिच्या पायाशी पडलं. फाटका कोपरा बघून राधाबाई केरसुणी टाकून पळाली आणि रात्रपाळी करून झोपलेल्या गुणाजीला तिने हलवून उठवलं.

सुभद्रा पावणेचारला जिना चढून वर आली तेव्हा गुणाजी गॅलरीत उभा होता. त्याच्या हातात कार्ड होतं.

"वाचू नको!" ती किंचाळली. डबा हातातून पडला आणि तिने दोन्ही कान झाकले. "भावोजी, तुझ्या पायां पडतंय, वाचू नको!"

"वैनी, आयक..."

"माका नाय आयकूचा!"

गुणाजीने पुढे होऊन तिचे हात कानांवरून ओढून काढले. "अगो, दौलतचा अक्षर आसा ह्या! दौलतचा! जित्तो आसा तो! आयक." आणि त्याने गॅलरी दणाणेल अशा आवाजात वाचलं. "तीर्थरूप आईस, दौलतचा साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. शनिवार तारीख अठरा रोजी बिघडलेल्या वायरलेसच्या पेट्या घेऊन बंगलोरला जात आहे. सकाळी आठला दादरला उतरेन, पुढची गाडी संध्याकाळी साडेचारला. सरकारी सामान सोडून हलता येत नाही, म्हणून तूच ये. रजा टाक. सुक्या बांगड्याची चटणी आण. सगळा दिवस बसू."

राधाबाई हळूच म्हणाली, "आज शनवारच ना?"

सुभद्राने पडलेला डबा उचलला आणि ती वळली.

ट्राम मिळाली, पण ट्रामला काय कळतं? ती आपल्या चालीने चालली होती. सुभद्रा उभी राहून दांडी पुढे ढकलत होती, जणू तिच्या ढकलण्याने ट्राम पळणार होती. दादरला उतरून ती नऊवारीचा काचा आवळत धावली. फलाटावर गाडी लागलेली होती. डब्याडब्यातून बघत ती शेवटाकडे गेली, आणि सामानाच्या डब्याजवळ शेवटची पेटी आत सरकवणारा दौलत तिला पाठमोरा दिसला. तिला हाक मारायलाही दम उरला नव्हता. तिने नुसता त्याचा सदरा धरला.

"आये!" दौलत वळला. "खय होतंस? सकाळीच्या आठपासून वाट बघतंय. सगळ्या लुगड्यांकडे बघून बघून डोळे दुखाक लागले."

तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, खांद्यावरून, दंडावरून. सगळं जागच्या जागी होतं.  मग तिने त्याचा डावा हात दोन्ही हातांत धरला.

"कोपरो कित्याक फाडलंस?"

"कसलो कोपरो?"

"कार्डाचो!"

दौलतला आठवायला वेळ लागला. "अगो, शाळेत शिकवलला तसा वर कोपऱ्यात गावाचा नाव आणि तारीख घातलंय. मगे ध्यानात इला, नाव कळवूची बंदी आसा. दुसरा कार्ड नव्हता. म्हणान तेवढो कोपरो..." बोलता बोलता तो थांबला. आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. "आये. इतके दिवस?"

तिने मान हलवली. तो हसायला गेला आणि त्याचे डोळे भरले. मग दोघंही पेट्यांच्या डब्याच्या दारात टेकली. तिच्याजवळ चटणी नव्हती. गिरणीच्या डब्यात दुपारची अर्धी भाकरी तशीच होती, पाच दिवस दुपारचं जेवण उरतच होतं. ती त्याने खाल्ली.

"ते अजून येतत? बाजूक?"

"ह्या म्हयन्यात तीनदा इले." तो भाकरीकडे बघत बोलला. "आता मी हात करनंय नाय. तेव करणत नाय. पयली गंमत होती, आये. आता ते खालसून येतत, पंखाखालसून. एकदा पंख्याची हवा लागान आमचो विमान आडवो झालो. आमचो सायब ढगच सोधित ऱ्हवता."

"सोड ती नोकरी."

"मधीच सोडूक येणा नाय. नऊ वर्सांचा लिवन दिलंय मां."

लिहून देताना शेजारी कोण उभं होतं ते तो बोलला नाही. तिला मात्र ते ऐकू आलं. शिटी झाली. तो डब्यात चढला आणि खाली वाकून म्हणाला, "आये, भियां नको. हेच्या फुडे माझ्या कार्डाचे चारय कोपरे शाबूत येतले. तुझी शप्पथ." संबंध दिवस बसायचा होता, तो त्यांनी नऊ मिनिटांत संपवला. गाडी गेल्यावर सुभद्रा रिकामा डबा घेऊन चालतच घरी आली.

दौलतने शब्द पाळला. पुढचं वर्षभर प्रत्येक कार्ड चार कोपऱ्यांचं आलं. शामराव आरोळी ठोकायचा, पण आता सुभद्रा तिच्यावर थांबायची नाही. कार्ड हातात आलं की आधी अंगठ्याने चारी कोपरे चाचपायची, आणि मगच तिचा श्वास सुटायचा. मजकूर काय, गुणाजीला सवड होईल तेव्हा. तिच्यापुरतं कार्ड वाचून झालेलं असायचं. खरं तर साठ सालच्या सुरुवातीला चाळीत प्रौढ बायकांचा वर्ग निघाला तेव्हा गुणाजीने तिला परोपरीने सांगितलं, चार अक्षरं शीक. ती म्हणाली, माका जेवढा वाचूचा तेवढा येता. मार्चच्या कार्डात दौलतने लिहिलं होतं की मे महिन्यात रजा मिळेलसं दिसतं.

एप्रिल सरला. एक मेला महाराष्ट्र होणार, मुंबईसकट होणार, हे आता पक्कं होतं. सगळं गिरणगाव पताकांनी भरून गेलं. ज्या रस्त्यावर गोळ्या चालल्या तिथे कमानी उभ्या राहिल्या, कोपऱ्यावरच्या त्या भिंतीलाही कोणी चुना फासला आणि गोळीचा खड्डा बुजवून टाकला. गुणाजी तर दोन दिवस घरात दिसलाच नव्हता. तीन आठवडे दौलतचं कार्ड नव्हतं, आणि सुभद्राची भीती उत्सवाच्या गर्दीतही आपलं काम चोख करत होती.

तीस तारखेच्या दुपारी ती गिरणीतून परतली तोच शामराव आला. आज आरोळी नव्हती, कारण हे कार्ड नव्हतं. लांब, जाड, खाकी पाकीट होतं, वर सिंहांचा छाप. "सरकारी आहे, सुभद्राबाय. इंग्रजी. गुणाजीकडून वाचून घ्या," तो म्हणाला आणि घाईने उतरला.

सुभद्राने अंगठा फिरवला. एक, दोन, तीन, चार. चारी कोपरे शाबूत, कडक, नवे कोरे.

"राधाबाय!" तिने हाक मारली, आणि अख्ख्या मजल्याने तिचा असा आवाज पहिल्यांदाच ऐकला. "दौलतच्या रजेचो कागद इलो गो!" तिने पाकीट उंबऱ्याच्या आत नेलं, देवासमोर पाटावर ठेवलं, त्याला हळदकुंकू लावलं. राधाबाईच्या हातावर साखर ठेवली. सुक्या बांगड्या भिजत घातल्या. रात्रभर खाली ताशे वाजत होते, आणि चार वर्षांत पहिल्यांदा सुभद्रा घाडी गाढ झोपली.

तार केव्हाच गेली होती. ती गेली देवगडाकडच्या घराला, कारण भरतीच्या कागदावर 'कायमचा पत्ता' म्हणून दौलतने गावचं घर लिहिलं होतं. गिरणगावातली आमची माणसं तिथे गावचंच घर लिहितात. मुंबईची खोली कायमची कोणाला वाटते? तार त्या कुलपापाशी पडून होती; कोणी घेतली नाही म्हणून मागून निघालेलं पाकीट मुंबईच्या पत्त्यावर धाडलं गेलं होतं.

सकाळी गुणाजी आला, कपाळभर गुलाल, घसा पार बसलेला. "वैनी, झालो गो महाराष्ट्र!" सुभद्राने त्याला आत बोलावलं, बसायला पाट दिला, तळहातावर साखर ठेवली आणि देवासमोरचं पाकीट त्याच्या पुढ्यात धरलं. "आदी तोंड गोड कर. मगे वाच."

त्याने साखर तोंडात टाकली आणि पाकीट फोडलं. इंग्रजी अक्षरांवरून त्याचं बोट हळूहळू सरकत गेलं. एका जागी थांबलं. मागे आलं आणि पुन्हा तिथेच थांबलं. सुभद्रा त्याच्या तोंडाकडे बघत होती.  मग तो उठला. कागद घेऊन उंबऱ्याबाहेर गेला, गॅलरीत उभा राहिला, आणि तिच्याकडे बघत त्याने कागदाचा वरचा कोपरा फाडला.

सुभद्रा पाटाजवळच बसून राहिली. खाली कोणीतरी जयजयकार केला आणि सगळ्या रस्त्याने तो उचलला. तो ओसरला.

"ढग होतो?" तिने विचारलं.

"होय," गुणाजी म्हणाला. "हवा खराब होती असा लिवलाहा. विमान ढगात शिरला, डोंगराक आपाटला. कोणच नाय वाचूक."

"आणि ते बाजूक येणारे?"

गुणाजीने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. "तेंचा हेच्यात काय लिवक नाय, वैनी."

सुभद्राने हळदकुंकू लावलेलं ते रिकामं पाकीट उचललं आणि ते उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवलं.

"उगाच कोण ढगात शिरणा नाय, भावोजी," ती म्हणाली.